उतारावरचे दोघे

उपासनी साहेबांनी टाक तळहातावर घेतला, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मिस्त्री, हा घासता कशानं?"

"चिंच आन् राख," आबा म्हणाले. "वर्साचं वर्साला, होळीच्या सकाळी."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. राख जणू त्यांच्याच पाठीवर घासली होती. मग त्यांनी भिंग पुन्हा लावलं आणि टाक उजेडाकडे वळवला. बाहेर कारखान्यात अर्धवट जुळवलेलं चाक उभं होतं. बाभळीच्या ताज्या भुशाचा वास ओसरीपर्यंत येत होता. मी दाराशी टेकून उभी होते. आत काकू पुरणाची डाळ निवडत होती आणि आमच्याकडे मुद्दाम पाठ करून बसली होती.

आमच्या नाशिककडे ज्या घरातला पुरुष लढाईत किंवा गाव राखताना पडला, त्या घराच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक असतो. त्याला वीर म्हणायचं. धुळवडीला वीर तांबड्या फडक्यात, खोबऱ्याच्या वाटीत बांधायचा, छातीशी धरायचा, हलगीवर नाचवत नदीवर न्यायचा आणि बुडी द्यायची. पिंपळटाकळीत अशी सात-आठ घरं होती. पण पहिली बुडी आमच्या वीरांची, शिरसाठ सुतारांची. पाटील थांबायचे, देशमुख थांबायचे, आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पाण्यात उतरायचे. वर्षभर लोकांच्या गाड्यांची चाकं ठोकणाऱ्या माणसासाठी सगळं गाव एका दिवशी काठावर खोळंबतं, हे लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी माझी मान ताठ असायची, हे कशाला लपवू?

बाकीच्या घरांचे टाक पत्र्याचे, ठशावर ठोकलेले आणि मागून पोकळ. आमचा भरीव होता, आकारानं लहान, पण हाताला जड. त्याच्यावर दोन पुरुष शेजारी शेजारी उभे होते. पुढ्यात दोन चाकं, मागं दोन उभाऱ्या, म्हणजे गाडीच्या कडेचे उभे दांडे, डोक्यावर वंगणाची पळी आणि एक आकडी. घरातलं शेंबडं पोरही त्यांची गोष्ट सांगायचं. राणू आणि भानू, आमचे पूर्वज. पेंढारी आले तेव्हा गावातल्या बाया-पोरं नदी ओलांडून पळत होती. नदी चालत पार करायची जागा, आमच्याकडे तिला उतार म्हणतात, तिथं ह्या दोघा भावांनी गाडी सोडली, चाकं काढून पाण्यात आडवी धरली आणि उभाऱ्या उपसून दिवस मावळेपर्यंत उतार राखला. शेवटची बाई पलीकडे गेली तेव्हा दोघे पडले. टाकाच्या पाठीवर एका माणसाचं मुंडकं होतं आणि त्याच्या गालावर आरपार घाव होता. तो पेंढाऱ्यांचा नाईक. घाव राणूनं घातलेला. म्हणून ती बाजू नेहमी खाली. तिला कुंकू नाही, फूल नाही. देव्हाऱ्यात तो नाईक पिढ्यान् पिढ्या तोंडघशी पडून होता.

उपासनी साहेब गावात नव्यानं उघडलेल्या बँकेचे व्यवस्थापक. जुन्या नाण्यांचा त्यांना भारी नाद. बँकेची टेबलं आबांनी केली होती, त्या ओळखीवर ते आमचा वीर बघायला आले होते. भला माणूस होता. ह्या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, हे आधीच सांगून ठेवते.

"मिस्त्री," ते शेवटी म्हणाले, "ही चाकं नाहीत. ढाली आहेत."

आबा हसले. चाक कशाला म्हणतात हे आबांना सांगायला निघालेला तो पहिलाच माणूस असावा. "सायेब, मधी तुंबा हाय बघा. कडंला धाव हाय."

"तो ढालीचा मधला फुगवटा. ही तिची कड. मागे आहेत ते भाले."

"आन् पळी?"

"पळी मात्र पळीच आहे. पण वंगणाची नव्हे, देवापुढे धार सोडायची. ही वाकडी आकडी म्हणजे पुजाऱ्याची काठी." साहेबांचा आवाज आनंदानं चिरकत होता. "मिस्त्री, हे रोमचं नाणं आहे. चांदीचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं. आपल्याकडचं कापड, मणी, मिरी जहाजांनी तिकडे जायची आणि बदल्यात ही नाणी यायची. तुमच्या कुण्या पूर्वजाला पांढरीची माती उपसताना सापडलं असणार."

पांढर म्हणजे गावामागचं जुनं टेकाड. तिथली माती लोक गाड्या भरभरून शेतात नेत आणि तिच्यात मणी, खापरं नेहमी निघत. आबा टाकाकडे बघत राहिले. रोम कुठं आलं, असं त्यांनी मला विचारलं. इटलीत, समुद्रापलीकडे, मी म्हणाले. तेव्हा मी नाशिकला डी.एड. करत होते आणि सणाला घरी आले होते, त्यामुळे भूगोलाचे प्रश्न माझ्याकडे यायचे.

"मंग हे दोघं कोन?"

साहेबांनी सगळं नीट सांगितलं. मागच्या बाजूचा माणूस पेंढारी नव्हे, रोमचा सम्राट. डोक्याला मुंडासं नव्हे, पानांचा मुकुट. गालावरचा घाव आपल्याच इकडच्या लोकांनी घातलेला, चांदी आतपर्यंत खरी आहे का ते बघायला, निदान साहेबांचा तसा अंदाज होता. आणि हे दोघे त्याच्या मुलीची मुलं. स्वतःला मुलगा नव्हता म्हणून आजोबानं नातू दत्तक घेतले, आपल्यामागे राज्य त्यांचं म्हणून कौतुकानं नाण्यावर चढवले. पण दोघेही ऐन तारुण्यात गेले. एक आजारानं, एक जखमेनं. म्हातारा मागे राहिला.

"म्हंजे आमचे न्हवंत," आबा म्हणाले.

"अहो, पण केवढी भाग्याची गोष्ट! एखाद्या संग्रहालयात..." साहेब बोलत राहिले. आबांनी टाक त्यांच्या हातातून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि चहा सांगितला. आत काकूच्या सुपाचा आवाज थांबला होता.

साहेबांच्या पोटात काही राहिलं नाही. त्यांना वाटलं, गावाला अभिमान वाटेल. बँकेत सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की सुतारांचे वीर परदेशी निघाले. कुणी हसलं, कुणी हळहळलं. टारगट पोरांनी आमच्या दारावरून जाताना इंग्रजीत हाका मारल्या. मी बाहेर जाऊन त्यांना रोममध्ये इंग्रजी बोलत नाहीत एवढं ठणकावून आले. त्यानं काय होणार होतं!

दिवेलागणीला पोपटराव देवरे आले. गावचे पाटील, उंचेपुरे आणि मोजकं बोलणारे. त्यांचा वीर घोड्यावरचा, खर्ड्याच्या लढाईत पडलेला, आणि दरवर्षी त्याची बुडी आमच्यानंतर. देवऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या खुपत होतं, पण तोंडातून त्यांनी कधी शब्द काढला नव्हता. त्या संध्याकाळीही ते चाकाजवळच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"रंगनाथ, मी काय मागाया आलो न्हाई. लोकं इचारत्यात. उद्या पैली बुडी कुनाची? त्यांना काय सांगू?"

आबांनी हातातली पटाशी पुसून ठेवली. "उद्या सकाळी पाराव मीच सांगतो, पाटील."

पाटलांनी मान हलवली. जाताना त्यांची नजर कारखान्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक जुनं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, दोन आरे मोडलेलं. ते क्षणभर घुटमळले आणि निघून गेले. ते चाक कुणाचं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ते लहानूकाकाचं. आबांचा धाकटा भाऊ आणि काकूचा नवरा. मी शाळकरी होते तेव्हा गोदावरीला मोठा पूर आला. नदीपलीकडची भिल्लवस्ती पाण्यात सापडली. उतारावर पाणी छातीला लागत होतं आणि चढत होतं. लहानूकाकानं नवी कोरी गाडी उताराच्या मधोमध नेऊन उभी केली, बैल सोडून काठाला धाडले, चाकांमागं धोंडे लावले. दोर चाकाच्या आऱ्यांतून ओवून दोन्ही काठांना ताणला. अलीकडचं टोक बाभळीला बांधून आबा उभे होते. लहानूकाका पाण्यात, चाकाला पाठ लावून, येणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला पुढच्या दोरावर घालत होता. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळी वस्ती अलीकडे आली. मग गाडी हलली आणि दोर तुटला. लहानूकाका दुसऱ्या दिवशी खाली शिंगव्याच्या वळणावर सापडला, शेजारी ते चाक.

माझी आई मी रांगती असतानाच गेली होती. मला वाढवलं ते भागीरथीकाकूनं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्या पुरानंतर काकू घरात सगळं करायची, पण टाकाला हात लावायची नाही. चिंच-राखेनं घासायचं काम तिचं होतं, ते तिनं माझ्यावर टाकलं. धुळवडीला हलगी वाजली की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. गावानं, आबांनी लहानूकाकाचा टाक करू म्हणून किती विनवलं. माझ्या माणसाला पत्र्यावर ठोकू नका, एवढंच ती म्हणाली आणि विषय संपला.

म्हणून त्या रात्री जेवणं आवरल्यावर मी तिच्याजवळ बसले तेव्हा मला वाटत होतं, तिला आतून बरं वाटलं असेल. ज्यांच्यावर रुसून बसली ते घरचे नव्हतेच. मी तसं बोलूनही दाखवलं. काकूनं पुरणाचं पातेलं झाकलं.

"तुला ठावं हाय का, मी का हात लावत न्हवते?"

मी नाही म्हणाले.

"त्या दिशी गाडी जुंपली त्यांनी, तवा मी हात धरला. म्हनलं, नका जाऊ. ही पोर हाय, मी हाय, आमचं कोन? तर देव्हाऱ्याकडं बोट केलं आन् म्हनले, ते दोघं उभे राहिले तवा त्यांच्या बायका न्हवत्या का घरी?" काकूचा आवाज चढला नाही. "हात सुटला माझा."

मला तेव्हा उमगलं की तिचा राग भोळा नव्हता. त्या दोघांनी तिचा नवरा नेला होता, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच देव्हाऱ्यातून हाक मारून. आणि आता एक साहेब भिंग लावून सांगत होता की ते दोघे उतारावर कधी उभेच राहिले नव्हते.

"मंग माझा माणूस कुनाच्या मागं गेला?" काकू म्हणाली. ती मला विचारत नव्हती.

ओसरीवर आबा जागेच होते. मी त्यांच्याशी वाद घातला. गावाला काय कळतंय, म्हटलं, नाणं रोमचं असेल, पण राणू-भानूची गोष्ट खरी असू शकते. सोनाराकडे जायला पैसे नसतील म्हणून कुणी सापडलेलं नाणंच टाक म्हणून पुजलं असेल. मी नव्यानं शिकत होते, वाद घालायची हौस होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तसं आसंलबी," ते म्हणाले. "पन मला ठावं न्हाई. आन् ठावं नसताना ठावं हाय म्हनून मान घ्यायचा, हे काय आपलं काम न्हाई. चाकात वाक हाय हे दिसल्याव गाडी जुंपायची न्हाई, मथे. गिऱ्हाइकाला दिसो न दिसो."

माझे आबा असे होते. हे लिहिताना आजही माझा ऊर भरून येतो. पण त्या रात्री मला त्यांचा राग आला होता.

धुळवडीच्या सकाळी पारावर सगळं गाव जमलं. फडक्यात बांधलेले वीर छातीशी धरून सात घरचे पुरुष ओळीनं उभे होते. हलगीवाल्यांनी हलग्या तापवून तयार ठेवल्या होत्या. आबा रिकाम्या हातानं गेले. टाक देव्हाऱ्यातच होता. उपासनी साहेब एका कडेला उभे होते. आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते मला दोनदा म्हणाले की मी खोटं बोलून टाकू का, मला चुकीचं दिसलं असं सांगू का. मी म्हटलं, आबांना चालणार नाही.

आबा पाराच्या पायरीवर चढले. डोक्यावरची टोपी नीट केली.

"लोकहो, आमच्या घरी जो टाक हाय, ते रोम देशाचं नानं हाय. त्याच्यावर आमचे पूर्वज न्हाईत. सायेब जाणते हायेत, त्यांनी सांगितलं आन् मला पटलं. राणू-भानू व्हते का न्हवते, मला सांगता येत न्हाई. म्हनून यंदापासून पैली बुडी देवऱ्यांची. आजवर आम्ही घेतली, ती समजून घ्या."

कुणीतरी हसेल म्हणून मी दात आवळून उभी होते, पण कुणी हसलं नाही. पोपटराव खाली बघत होते. हलगीवाल्यानं, आता कुणाकडे वळायचं म्हणून, इकडे तिकडे पाहिलं.

तेवढ्यात आमच्या गल्लीतून काकू आली. डोक्यावरून पदर घेतलेला, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेलं तांबडं फडकं. इतक्या वर्षांत ती धुळवडीला उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. वीर बायकांनी उचलायचा नाही असा रिवाज होता, आणि त्यात विधवेनं तर नाहीच. तो रिवाज कुणी घातला हे विचारायला त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. लोक आपोआप बाजूला झाले.

ती आबांपाशी थांबली नाही. सरळ पोपटरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"पाटील, एक इचारायचंय."

"इचारा, वहिनी."

"पुराच्या दिशी गाडीच्या जवळ शेवटी तुमीच व्हता. दादा काठावर व्हते, त्यांना पान्याच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाई. दहाव्याला तुमी आमच्या दारात आला, उभे राहिला आन् न बोलता माघारी गेला. मी तवा इचारलं न्हाई. आज इचारते. तुमी त्यांना हाक मारली का?"

पोपटरावांनी हातातला वीर शेजारच्याकडे दिला.

"मारली. कमरंइतक्या पान्यात शिरलो व्हतो मी. तवा तीन-चार माणसं पलीकडं राहिली व्हती. गाडी करकरत व्हती. म्हनलं, लहानू, ये बाहेर, गाडी जायाची. एकटा किती धरशील."

"मंग?"

"वहिनी..."

"सांगा, पाटील. गावाला ऐकू द्या."

पोपटरावांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. "म्हनला, पाटील, तुमी व्हा मागं. मी एकटा न्हाई. माझ्या मागं ते दोघं उभे हायेत." ते थांबले. "मी मागं वळलो. तो उभाच राहिला. हे तुमाला कोनच्या तोंडानं सांगणार व्हतो मी?"

हलग्या तापवायच्या शेकोटीतली एक गोवरी ढासळली. आबा पायरीवर बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. आपला भाऊ शेवटी काय बोलला हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

काकू आबांकडे वळली. थोरल्या दिरापुढे ती कधी मोठ्यानं बोलायची नाही.

"दादा, तुमी खरं तेच सांगितलं. ते रोमचे हायेत, राजाचे नातू हायेत, सगळं कबूल. पेंढारी आले तवा ते कुठं व्हते, मला ठावं न्हाई. पन पुराच्या दिशी ते कुठं व्हते, ते पाटलांनी आत्ता सांगितलं." तिनं फडकं छातीशी घट्ट धरलं. "ते आमच्या उताराव व्हते. माझ्या माणसाच्या मागं. म्हनून मी ह्यांना न्हाया न्यायला आले. पैली बुडी कुनाची बी असू द्या. मी थांबंन."

थांबायची वेळ तिच्यावर आली नाही. गर्दीत मागं भिल्लवस्तीतली माणसं होती. एरवी ती पारापासून लांब उभी राहायची, आणि वीरांच्या मिरवणुकीत त्यांना कुणी बोलवायचं नाही. त्यांच्यातली सखरी म्हातारी, पुरात दोरावरून कडेवर नातू घेऊन आलेली, पुढं आली आणि काकूच्या शेजारी उभी राहिली. मग तो नातू आला, आता मिसरूड फुटलेला. मग एकेक करत सगळेच. कुणी घोषणा दिली नाही. नुसते येऊन काकूच्या मागं उभे राहिले.

पोपटरावांनी फेटा पुन्हा बांधला. आपला वीर परत हातात घेतला आणि हलगीवाल्याला म्हणाले, "वाजव. सुतारांच्या म्होरं वाजव." आणि स्वतः एक पाऊल मागं सरले.

मी एकोणीस वर्षांची होते. हलगीच्या मागोमाग नदीकडे जाताना माझ्या डाव्या हाताला काकू होती आणि उजव्या हाताला आबा. आयुष्यात मला पुढं बरंच काही मिळालं. शाळेची मुख्याध्यापक झाले, सत्कार झाले, शाली मिळाल्या. पण त्या वाटेवर चालताना मान जेवढी ताठ होती तेवढी पुन्हा कधी झाली नाही.

उतारावर फाल्गुनातलं पाणी घोट्याएवढंच होतं. मधल्या डोहात गुडघ्याला लागायचं. काकू तिथवर गेली. गाडी उभी होती ती जागा तिला बरोबर ठाऊक होती. तिनं फडकं सोडलं आणि टाक पाण्याखाली धरला. मी आणि उपासनी साहेब पँट-परकर भिजवत तिच्यामागं उभे होतो. साहेबांना आबांनीच हाताला धरून पाण्यात आणलं होतं.

काकूनं टाक वर काढला. उन्हात ते दोघे लखलखले, चिंच-राखेनं झिजलेले, नाक-डोळे जवळजवळ गेलेले, पण उभे. मग तिनं आमच्या घरात कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. टाक उलटा केला.

"सायेब, ह्यो म्हातारा कोन म्हनला तुमी?"

"त्या मुलांचा आजोबा," साहेब म्हणाले. "त्यानंच हे नाणं पाडलं. मुलं गेल्यावर मागे राहिला तो."

काकूनं त्या मुखड्याकडे पाहिलं. गालावरच्या घावावर अंगठा फिरवला.

"आन् आपन ह्याला पेंढारी म्हनून तोंडघशी पाडला, इतकी वर्सं." तिनं पदराच्या टोकाला बांधलेलं कुंकू सोडलं. विधवा झाल्यापासून तिनं कुंकवात बोट बुडवलं नव्हतं. त्या बोटानं तिनं रोमच्या सम्राटाच्या कपाळावर टिकली लावली. "तूबी मागंच राहिलास व्हय रं, बाबा," ती म्हणाली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती रडली, मोकळी, काठावरचं सगळं गाव बघत असताना. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.

त्या चैत्रात आबांनी लहानूकाकाच्या मोडक्या चाकातला एक आरा काढून घेतला. त्याच्यातून ओंजळीत मावेल एवढं चाक घडवलं. आरे, मधला तुंबा, कडेचे लाकडी पुठ्ठे, सगळं हिशेबात. तुंब्याला बारीक खाच पाडली आणि टाक त्या खाचेत उभा बसवला. आता दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे दोघे पोरगे, दुसरीकडे त्यांचा म्हातारा, आणि त्यांना धरून ठेवलेलं लहानूकाकाचं चाक. पत्र्यावर ठोकायची गरजच पडली नाही. काकूनं ते बघितलं आणि म्हणाली, आता बरं बसलं.

पहिली बुडी अजून आमची आहे. काकू होती तोवर तिनं दिली. आता मी देते, आणि माझ्या मागून सखरीचा नातू उतरतो, त्याचे केस आता पिकलेत. राख वापरत नाही, साहेबांनी शपथ घातली होती, नुसतं दूध आणि मऊ फडकं. अधूनमधून कुणी जाणता माणूस घरी येतो, देव्हाऱ्यात वाकून बघतो आणि म्हणतो, बाई, ही चाकं नाहीत बरं का, ढाली आहेत. मी म्हणते, ठाऊक आहे. मग चहा झाला की त्याला उतारावर घेऊन जाते.